गेटवरची वही

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीतील सुरक्षिततेचा इतिहास’ हा विषय दिला, तेव्हा आधी हसूच आलं. सेक्रेटरी म्हणून माझी बरीच वर्षं पार्किंग आणि पाण्याच्या टँकरच्या भांडणांत गेली. पण ऑफिसचं कपाट आवरताना २००८ ची गेटवरची वही हाती लागली, आणि लिहायला बसलो.

आपण राहायला आलो तेव्हा हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं साधं गाव होतं. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसी नुकताच उभा करत होती. रस्त्याला दिवे नव्हते, आपली कंपाउंडची भिंत अर्धवट होती, आणि भीती चोरापेक्षा सापाची जास्त. तरी आम्ही पुरुष मंडळी काठी-बॅटरी घेऊन आळीपाळीने गस्त घालायचो. गावातल्या लोकांना त्याची गंमत वाटायची. हनुमान जयंतीला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघालं की त्या गर्दीत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत असायचा. अनोळखी होतो ते आपणच.

मग रात्रपाळ्या आल्या. आपल्याच सोसायटीतल्या चार-पाच मुली कॉल सेंटरला लागल्या, त्यात आमची मुलगीही होती. रात्री दहाला कंपनीची गाडी गेटवर यायची. पगार चांगला होता, आणि गाडी दारातून नेते-आणते याचंच आम्हाला कौतुक.

ते कौतुक १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री संपलं. हिंजवडीतल्या एका बीपीओ कंपनीत रात्रपाळीला निघालेली २२ वर्षांची मुलगी ठरलेल्या गाडीत बसली आणि कामावर पोचलीच नाही. गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार यांनी तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. मृतदेह गहुंजे गावाच्या हद्दीत सापडला. ज्या गाडीच्या भरवशावर आई-बाप झोपत होते, तीच ही गाडी. पुढचा आठवडाभर सोसायटीत कोणी नीट जेवलं नसेल.

हा खटला किती वर्षं चालला ते नव्या रहिवाशांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २०१२ मध्ये दोघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली. राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. पण त्यानंतरही अंमलबजावणी रखडली, आणि या दिरंगाईमुळेच मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय ठेवला. निकाल बरोबर की चूक यावर आपल्या कट्ट्यावर अजून वाद होतात. मला वाटतं, फायली टेबलावर पडून राहिल्याचा राग धरायला हवा, आणि तो कोणी फारसा धरत नाही.

तर वही. त्या घटनेनंतर झालेल्या तातडीच्या सभेत ठरलं की रात्री येणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि वेळ गेटवर लिहायची. काम वॉचमनकाकांकडे आलं. मराठवाड्यातून आलेले, चौथी शिकलेले. अक्षर मोठं, पण एकही गाडी सुटायची नाही. राज्याचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा २०१७ च्या डिसेंबरात लागू झाला, त्यात रात्री काम करणाऱ्या स्त्रीला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची अट आहे. आपले काका दाराची काळजी त्याच्या कितीतरी आधी वाहत होते.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. २०११ च्या दिवाळीत ‘ए’ विंगमध्ये घरफोडी झाली. दागिने गेले. कुलूप सफाईने काढलेलं, म्हणजे माहितगार माणूस, असं सगळ्यांनी धरलं आणि बोट काकांकडे गेलं. कोणाकडेही पुरावा नव्हता. पोलिसांसमोर त्यांचं नाव मी घेतलं, सेक्रेटरी म्हणून. दोन दिवस त्यांना चौकशीला बोलावलं. तिसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन गावी निघून गेले, तीन आठवड्यांचा पगार न घेता. चार महिन्यांनी दुसरीकडेच एक टोळी पकडली गेली आणि आपल्या फ्लॅटचा माल तिच्याकडे निघाला. मी पगाराची मनीऑर्डर केली. ती परत आली.

यातून ‘वॉचमनवर कधी संशय घेऊ नका’ असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०१७ मध्ये आपल्याच आयटी पार्कमध्ये, रविवारी एकटीच काम करत असलेल्या तरुण इंजिनीअर मुलीचा खून झाला आणि त्या गुन्ह्यात अटक झाली ती इमारतीच्या सुरक्षारक्षकाला. पडताळणी हवीच. पण ती नेमण्याआधी करायची असते. आम्ही माणूस कागद न बघता ठेवला आणि पुरावा न बघता घालवला.

हल्ली ‘हिंजवडीत क्राइम किती वाढलाय’ हे वाक्य लिफ्टमध्ये रोज ऐकू येतं. वाढलाय का? गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे काढतात. शेवटची जनगणना २०११ ची, आणि इथे दिवसभर वावरणारी लाखो माणसं राहतात भलतीकडेच. भागायचं कशाने हाच प्रश्न. शिवाय हद्दी बदलल्या. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्यात पुणे शहराकडची हिंजवडीसारखी आणि ग्रामीणकडची तळेगावसारखी ठाणी एकत्र आली. तक्रार द्यायला जवळचं ठाणं असलं की नोंदी वाढतात, आणि ते वाईट लक्षण नव्हे. आपल्याकडे पूर्वी सायकल गेली तर कोणी नोंदवायचंच नाही.

आज गेटवर कॅमेरे आहेत, मोबाइल अ‍ॅप आहे, वही बंद झाली. २००८ ची तेवढी मी फेकू दिलेली नाही. आखलेले रकाने तीनच आहेत: गाडी नंबर, चालक, वेळ. पण काकांनी जवळजवळ प्रत्येक पानावर समासात पेन्सिलने काहीतरी जास्तीचं लिहिलंय. १४ फेब्रुवारीच्या पानावर आमच्या फ्लॅटच्या नंबरापुढे आहे: ‘३.४०. ताई वर गेल्या. लाइट लागला.’