'मुघल-ए-आझम': पडद्यावरून मंचावर

नाटकाचा चित्रपट होणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. गाजलेल्या चित्रपटाचे संगीतनाटक होणे मात्र दुर्मीळ. ऑक्टोबर २०१६मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, फिरोझ अब्बास खान यांनी मुंबईच्या एनसीपीएत 'मुघल-ए-आझम' रंगमंचावर आणले तेव्हा चर्चा झाली ती मनीष मल्होत्रांच्या पोशाखांची, नेपथ्याच्या डामडौलाची आणि तिकिटांच्या दरांची. संगीत नाटकाचा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट वेगळीच होती: अनारकली स्वतः गात होती.

के. आसिफ यांचा चित्रपट ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात झळकला. त्याचे मूळ नाटकातच आहे. इम्तियाज अली ताज यांचे उर्दू 'अनारकली' १९२२चे. तेव्हा २०१६चा प्रयोग म्हणजे कथेचे माहेरी येणेच. पण माहेरी येताना तिने नौशाद-शकील यांची गाणी सोबत आणली, आणि ती गाणी जन्मली होती पार्श्वगायनाच्या युगात. जन्माष्टमीच्या उत्सवातले ते नृत्यगीत आठवावे. देह मधुबालेचा, गळा लता मंगेशकरांचा. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ हे 'बलवंत संगीत मंडळी'चे गायक नट. त्यांच्या प्रेक्षकाला गळा आणि देह एकाच जागी भेटत. लेकीच्या काळात ही जोडी फुटली. चित्रपटात जोधाबाई झालेल्या दुर्गा खोटे यांनी तर हा पालट स्वतः अनुभवला होता. 'अयोध्येचा राजा'मध्ये (१९३२) तारामती साकारताना त्या स्वतः गायल्या होत्या आणि त्यांच्यासमोर हरिश्चंद्र होते संगीत रंगभूमीवरून आलेले गोविंदराव टेंबे.

याच सुमारास उलट दिशेचा प्रवासही घडला. 'कट्यार काळजात घुसली' या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७च्या नाटकात खाँसाहेब वसंतराव देशपांडेच होते. तान त्यांची, तीमागचा चेहराही त्यांचाच. २०१५च्या दिवाळीत सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला, तेव्हा खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर आणि त्यांच्यासाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. शंकर महादेवन यांच्यासारखा अपवाद वगळता मंचावरून पडद्यावर जाताना गळा देहापासून सुटला. वर्षभरातच पडद्यावरून मंचावर येताना तो देहात परतला. 'मुघल-ए-आझम'च्या अनारकलींपैकी एक प्रियंका बर्वे. त्याही मालती पांडे-बर्वे यांची नात. (नातवंडांच्या या योगायोगातून सिद्धान्त काढण्याचा मोह आवरावा.)

मात्र हे पुनर्मीलन अर्धेच आहे, असे मला वाटते. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून मराठी मंचावर जे पद रुजले, ते दर प्रयोगाला नव्याने घडत असे. 'वन्स मोअर' आला की बालगंधर्व तेच पद पुन्हा गात, पण तसेच गात नसत. रात्र त्या गाण्यावर लांबत असे. नाट्याची त्यात हानी होई हेही खरे. 'मुघल-ए-आझम'चा प्रेक्षक मात्र ध्वनिमुद्रिका पाठ करून आलेला असतो. त्याला हवी असते ती आठवण, जशीच्या तशी. गायिकेचा श्वास खरा, पण हरकत घ्यायची मोकळीक छप्पन्न वर्षांपूर्वीच ठरून गेलेली. लताबाईंच्या आवाजाशी तुलना होणार हे ठाऊक असताना कोणती अनारकली चालीबाहेर पाऊल टाकील?

हा प्रश्न केवळ एनसीपीएच्या गालिच्यांपुरता नाही. पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीपासून तमाशाची पंढरी म्हणवणारे नारायणगाव फार लांब नाही. चैत्राच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. याच नारायणगावच्या विठाबाई गात आणि नाचत, दोन्ही. आता त्याच जत्रांत चित्रपटगीताची फर्माईश होते, ध्वनिमुद्रण लावले जाते आणि त्यावर नाच होतो. एनसीपीएत चित्रपटाच्या गाण्याला गाणारा देह मिळाला. फडावर चित्रपटाच्या गाण्याने तो हिरावून घेतला.