सामूहिक अनुवाद : वाईच्या विश्वकोशाचा दाखला

सामूहिक अनुवाद : एखादा मोठा मजकूर अनेकांनी वाटून घेऊन दुसऱ्या भाषेत आणणे, आणि तो एकाच हातचा वाटावा यासाठी शब्द, लेखनपद्धती व तपासणी यांची घडी बसवणे. इंग्लंडात १६११ साली निघालेल्या राजा जेम्सच्या बायबलवर सहा गट काम करत होते. एका गटाचे पुस्तक हातावेगळे झाले की ते बाकीच्यांनी वाचायचे, असा नियमच होता.

मराठीतले जवळचे उदाहरण कृष्णाकाठच्या वाईत सापडते. मराठी विश्वकोश हा काही निव्वळ अनुवाद नव्हे. पण जगातले ज्ञान शेकडो लेखकांकरवी मराठीत आणायचे, तर अनुवादाच्या सगळ्या अडचणी पुढ्यात येतातच. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हेच विश्वकोशाचे प्रमुख संपादक. ते ज्या प्राज्ञपाठशाळेत घडले ती वाईचीच, आणि अनेक पंडितांनी मिळून एक कोश सिद्ध करण्याची सवय धर्मकोशामुळे या गावाला आधीपासून होती.

आधी काय झाले? १९७३ साली परिभाषासंग्रह, म्हणजे ठरवलेल्या पारिभाषिक शब्दांचा खंड, बाहेर पडला. योजनेत त्याचा क्रमांक अठरावा होता. पहिला खंड मात्र १९७६ साली आला. कडेगावच्या माणसाला हा उलटा क्रम ओळखीचा वाटेल. तिथले मोहरमचे गगनचुंबी ताबूत ‘आधी कळस, मग पाया’ याच रीतीने उभे राहतात.

हा क्रम अगदी योग्य होता. भौतिकीतल्या ‘फोर्स’ला विश्वकोश ‘प्रेरणा’ म्हणतो, शाळेची पुस्तके ‘बल’ म्हणतात. दोन्ही शब्द चालण्यासारखे आहेत, पण एकाच ग्रंथात एकाने हा आणि दुसऱ्याने तो वापरला, तर वाचणाऱ्या मुलाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतील. नोंदी हातात आल्यावर असे शब्द जुळवत बसायचे म्हणजे प्रत्येक पान पुन्हा उसवायचे. शब्द आधी ठरले, म्हणजे वाद एकदाच होतो.

काम विषयवार विभागले होते. लेखक गावोगावचे, आलेला मजकूर वाईच्या कार्यालयातले संपादक तपासत, कापत, एका वळणावर आणत. जाणकार अभ्यागत संपादकही असत. विसावा खंड पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडले. पुढे नोंदी अद्ययावत करण्यासाठी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांच्या पालकत्वाखाली विषयवार ज्ञानमंडळे नेमली गेली. एका छताखालचे काम पुन्हा गावोगाव पांगले. अशा वेळी ठरलेली परिभाषा हाच सर्वांना बांधणारा धागा असतो.

एक बारीकशी रीत आवर्जून सांगायला हवी. काही नोंदी, उदाहरणार्थ इतर भारतीय साहित्यांवरच्या, त्या त्या भाषेच्या अभ्यासकांनी इंग्रजीत लिहून दिल्या आणि मग त्या मराठीत आणल्या गेल्या. अशा नोंदीखाली दोन नावे छापलेली दिसतात : एकापुढे ‘इं.’, दुसऱ्यापुढे ‘म.’. चूक कोणाकडे विचारायची आणि श्रेय कोणाला द्यायचे, हे दोन्ही त्या एका अक्षरात आले. अनुवादकाचे नाव आतल्या पानावर बारीक टायपात ढकलण्याची आपली जुनी खोड पाहता, वाईच्या संपादकांनी त्याला मूळ लेखकाच्या शेजारी बसवले, ही मोठी गोष्ट आहे.