‘काळी नामुष्की’ : वसाहती सैनिकांविरुद्धचा वंशद्वेषी अपप्रचार (१९१५-१९४०)

दिघीजवळील खडकी हे बॉम्बे सॅपर्सचे जुने केंद्र. येथील २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील न्यूव्ह शापेल गावात ४७व्या शीख पलटणीच्या बरोबरीने घरोघरी हातघाईची लढाई दिली. या पराक्रमाची नोंद लष्करी इतिहासात आहे. अशा सैनिकांविषयी युरोपात त्याच सुमारास काय पसरविले जात होते, हेही पाहणे आवश्यक ठरते.

३० जुलै १९१५ रोजी जर्मन परराष्ट्र खात्याने एक निवेदन काढले. युरोपीय रणभूमीवर ‘रंगीत’ सैन्य आणणे हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग आहे, असा त्यातील दावा होता. आफ्रिकी व हिंदी सैनिक शत्रूची मुंडकी व कान कापून नेतात, असे आरोपही त्यात होते. विशेष म्हणजे याच जुलैमध्ये बर्लिननजीक व्यून्सडॉर्फच्या ‘अर्धचंद्र’ छावणीत मुसलमान युद्धकैद्यांसाठी लाकडी मशीद उभी राहिली. तेथील हिंदी व उत्तर आफ्रिकी कैद्यांना इंग्रज-फ्रेंचांविरुद्ध फितविण्याचे प्रयत्न चालू होते. एकाच सत्तेच्या दृष्टीने हा सैनिक एकीकडे रानटी, तर दुसरीकडे भावी मित्र होता!

युद्धोत्तर ऱ्हाइनलँडमध्ये हीच भाषा पुन्हा वापरली गेली. तेथील फ्रेंच ताबासैन्यात सेनेगल, मोरोक्को, अल्जीरिया व मादागास्करचे सैनिक होते. ते जर्मन स्त्रियांवर सर्रास अत्याचार करतात, असा ‘काळी नामुष्की’ या नावाने १९२० मध्ये प्रचार सुरू झाला. काँगोतील अत्याचार उजेडात आणणारे ई. डी. मोरेल यांनीच इंग्लंडमध्ये तो उचलून धरावा, ही त्यातील सर्वांत खेदजनक बाब होय. अमेरिकन सेनापती हेन्री अ‍ॅलन यांच्या चौकशीत काही गुन्हे आढळले. परंतु सर्रास अत्याचारांचे आरोप निराधार ठरले. सेनेगली तुकड्या जून १९२० मध्ये परत गेल्यावरही प्रचार वाढतच राहिला. म्हणजे सैनिकांच्या प्रत्यक्ष वर्तनाशी त्याचा संबंध नाममात्रच होता. जर्मन संसदेत लुईझा त्सीट्स यांनी जर्मनांच्याच वसाहतींतील क्रौर्याची आठवण करून दिली, तेव्हा त्यांचा पक्ष एकाकी पडला.

वसाहतवाले व वंशवादी यांच्यापुरता हा प्रचार मर्यादित नव्हता, म्हणूनच तो टिकला. १९३७ मध्ये या सैनिकांपासून जर्मन स्त्रियांना झालेल्या सुमारे ४०० मुलांचे नाझी राजवटीने गुप्तपणे निर्बीजीकरण केले. जून १९४० मध्ये लियाँजवळील शासले येथे जर्मन सैन्याने शरण आलेले सेनेगली सैनिक गोऱ्या कैद्यांपासून वेगळे काढून ठार केले.