रुतलेलं चाक आणि फळीचा इतिहास



सोयाबीन काढणीला आलं आणि वरून परतीचा पाऊस बसला, की आपल्या उमरी-धर्माबाद-नायगाव पट्ट्यात चार शेतांआड एखादं तरी ट्रॅक्टर रुतलेलं दिसतंच. आता तर मोबाईलवर नारंगी प्लॅस्टिकच्या फळ्यांच्या जाहिराती येतात. चाकाखाली सारा, गाडी बाहेर! घ्यावी का आणि कोणती घ्यावी, असं बरेच जण विचारतात. मी दहावी पास माणूस, इंजिनिअर नाही. पण ह्या फळीचा इतिहास वाचत गेलो तर त्यात आपल्या कामाचं लई सापडलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपली जमीन. काळ्या मातीतली चिकणमाती एका खास जातीची असते, शास्त्रात तिला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. तिचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या आत शिरतं. म्हणून ही माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. वाफसा असला तर तिच्यासारखी जमीन नाही. वाफसा गेला की तीच साबणासारखी होते. टायरच्या खाचा चिखलानं भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि जागेवर फिरून स्वतःच खड्डा खोदतो. जेवढी रेस द्याल तेवढं ट्रॅक्टर खाली.

हे दुखणं ट्रॅक्टर आल्यावर सुरू झालेलं नाही. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून का निघायच्या? धर्म आहेच, पण त्याच्या पोटात चिखल पण आहे. पावसाळ्यात फौजा छावणीत बसायच्या, कारण गाडे आणि तोफा चालतच नव्हत्या. ज्यांनी हे मानलं नाही त्यांनी भोगलं. औरंगजेबानं १७०२ साली विशाळगड घेतला आणि ऐन पावसाळ्यात पन्हाळ्याकडं निघाला. अंतर तीसेक मैलांचं, पण लष्कराला महिन्याहून जास्त लागला. तिथं माती वेगळी, पाऊस जास्त, पण चाक ते चाकच.

काळ्या मातीचा खरा धडा मिळाला तो इंग्रजांना, १८०४ साली. कर्नल मॉन्सन यशवंतराव होळकरांच्या मागं माळव्यात शिरला, मग होळकर उलटून अंगावर आल्यावर जुलैच्या पावसात माघारी फिरला. माळव्याची जमीन आपल्यासारखीच काळी. तोफा अशा रुतल्या की निघेनात. शेवटी शत्रूला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांना खिळे ठोकून तिथंच सोडून द्यावं लागलं. ऑगस्टअखेर आग्र्याला पोचेपर्यंत त्या फौजेचं पार वाटोळं झालं होतं. होळकरांचे घोडेस्वार हलके होते, त्यांचं पावसानं तेवढं अडलं नाही. वजन कुठल्या गोष्टीवर टेकलंय, ह्यावर राज्यं हलतात बघा.

मग त्या काळी पावसाळ्यात माल जायचा कसा? आपले लमाण बांधव बैलांच्या पाठीवर गोण्या लादून न्यायचे. बैलाचा खूर फाकतो, चिखलात टेकतो आणि उचलताना जवळ येऊन सुटतो. चाकाला ते जमत नाही. इंग्रजांच्या, निजामाच्या, मराठ्यांच्या सगळ्यांच्याच फौजा ह्या तांड्यांनी आणलेल्या धान्यावर जगल्या. पुढं १९०० साली मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे आली, उमरीला स्टेशन झालं, आणि माल रुळावर चढला. विचार केला तर रूळ म्हणजे कायमच्या अंथरलेल्या फळ्याच.

चाकाखाली काहीतरी घालणं हे तर आपल्या आज्या-पणज्यापासूनचं. बैलगाडी रुतली की तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या, काहीच नसलं तर गाडीतलं पोतं. हेच काम पहिल्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर झालं. नोव्हेंबर १९१७ मध्ये फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत इंग्रजांनी रणगाड्यांवर काटक्यांच्या भल्यामोठ्या मोळ्या साखळीनं आवळून नेल्या. एकेक मोळी दीड टनाच्या वर. खंदक आला की मोळी आत ढकलायची आणि तिच्यावरून रणगाडा पार. त्याच वर्षी रणगाड्याच्या टपावर एक जाड लाकडी तुळई पण ठेवायला लागले. रणगाडा रुतला की ती पट्ट्यांना साखळीनं बांधायची. पट्टा फिरला की तुळई खाली जायची आणि रणगाडा तिच्यावरून चढून बाहेर यायचा.

इथं थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. मागच्या दोन्ही चाकांना आडवा ओंडका बांधून ट्रॅक्टर काढायची जी पद्धत गावोगाव चालते, ती ह्या तुळईचीच बहीण. पण रणगाड्याचा पट्टा पुढून मागंपर्यंत लांब, तो उलटत नाही. ट्रॅक्टरचं तसं नाही. मागचं चाक ओंडक्यानं अडलं आणि तुम्ही क्लच सोडला, की चाक फिरायच्या ऐवजी आखाभोवती ट्रॅक्टरच फिरतं. पुढची चाकं उचलतात आणि दीड सेकंदाच्या आत ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर पालथं होतं. क्लच दाबायचं सुचेपर्यंत काम झालेलं असतं. ह्या पद्धतीनं जीव गेलेत आणि जातात. मी ती बंद करा असंच सांगेन. साखळी खालच्या ड्रॉबारला न लावता वर टॉप लिंकला लावून ओढणं, हा पण त्याच जातीचा मृत्यू.

आता खऱ्या फळीकडं येऊ. तिचं श्रेय बहुतेक जण राल्फ बॅग्नॉल्ड ह्या इंग्रज लष्करी इंजिनिअरला देतात. १९२० च्या दशकात हा माणूस इजिप्तमध्ये नोकरीला होता आणि सुट्टीत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडायचा. गाड्या वाळूत रुतायच्या. कैरोच्या भंगारवाल्याकडं त्याला पाचेक फूट लांबीचे पन्हळीसारखे लोखंडी चॅनल सापडले. महायुद्धात खंदकांवर छत घालायला बनवलेले होते ते. चाकापुढची वाळू उकरायची, चॅनल सारायचे, गाडी चढवायची, पळत जाऊन चॅनल उचलून आणायचे. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो आणि कमी रुततो, हे पण तो पक्कं शिकला. १९४० साली त्यानं उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकांवर असे चॅनल लटकलेले असायचे. पुढं ह्या कामात भारतीय जवानांची एक तुकडी सुद्धा होती. ह्याच बॅग्नॉल्डचं वाळू वाऱ्यानं कशी सरकते ह्यावरचं पुस्तक १९४१ साली निघालं, शास्त्रज्ञ ते आजही वापरतात. छंदातून शास्त्र निघालं म्हणायचं.

अमेरिकेनं १९४१ मध्ये विमानांच्या धावपट्टीसाठी भोकाची लोखंडी फळी काढली. १० फूट लांब, १५ इंच रुंद, वजन ३० किलो, ८७ भोकं. भोकांमुळं वजन घटतं आणि पाणी-चिखल खाली निघून जातो. युद्धानंतर ह्या फळ्या भंगारात निघाल्या आणि जगभरच्या प्रवाशांनी त्या कापून गाडीला बांधल्या. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रॅड मॅकार्थी ह्यांनी नायलॉनची दातेरी फळी बाजारात आणली, मॅक्सट्रॅक्स. पावणेचार फूट लांब, हलकी, एका हातानं उचलता येणारी. आपल्या मोबाईलवर दिसणाऱ्या बहुतेक नारंगी फळ्या तिच्याच नकला.

आता घ्यायचं काय? जीप, पिकअप, बोलेरो असेल आणि दुधाला-बाजाराला कच्च्या रस्त्यानं जावं लागत असेल, तर चांगली नायलॉनची जोडी उपयोगी आहे. स्वस्तातली कडक प्लॅस्टिकची घेऊ नका, ती वजनाखाली तडकते. आणि फळीवर चाक जागेवर फिरवू नका, घासून दाते वितळतात. एकदा दाते गेले की ती घसरगुंडी.

ट्रॅक्टरला मात्र ही फळी नको. ती दोन-तीन टनांच्या गाडीसाठी, बारीक खाचांच्या टायरसाठी बनलेली आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची जाड नखं तिचे दाते पकडतच नाहीत. उसानं भरलेल्या ट्रॉलीची तर गोष्टच सोडा. आपल्याला बॅग्नॉल्डचा जुना मार्ग बरा. गावातल्या वेल्डरकडून ४ इंची दोन लोखंडी चॅनल चार-चार फुटांचे घ्या, मधी थोडी फट ठेवून जोडा आणि आडव्या १२ मिलिमीटरच्या सळ्या वीतभर अंतरावर खाली-वर दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. एक फळी पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते, एका गड्याला उचलते. ठिपक्यांचा पत्रा वापरू नका. कोरड्यात चांगला दिसतो, पण आपला चिखल लागला की आरसा होतो. जुन्या गाडीच्या साट्याच्या बाभळीच्या फळ्या असतील तर त्या पण चालतात, वर आडव्या पट्ट्या ठोकून.

वाळू आणि काळी माती ह्यात एक फरक आहे, तो जाहिरातीत कुणी सांगत नाही. वाळूत नुसती फळी सारली की भागतं. आपल्याकडं आधी फावड्यानं चाकापुढचा गारा काढा, टायरच्या नखातला चिखल सळईनं मोकळा करा, फळीखाली तुराट्या अंथरा, मगच फळी. ट्रॉली सोडून आधी नुसतं ट्रॅक्टर काढा. डिफरन्स लॉक लावा, खालचा गिअर, रेस कमी. तरी हलत नसेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन, ते पण ड्रॉबारला. त्यावेळी साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोरांना तर बांधावरच थांबवा.

फळीच्या एका टोकाला भोक पाडून दहा फुटी दोरी बांधा, भडक रंगाची. ट्रॅक्टर वर चढताना फळीला खाली दाबतं आणि काळी माती तिला गिळते. आमच्या शिवारात एकाची फळी अशीच गेली, ती तिसऱ्या वर्षी नांगराला लागली.