सासूनं सांगितलं, सही सुनेची

ऐकू न येणारी एखादी बाई तुमच्या ओळखीत असेल. ती दवाखान्यात गेली की काय होतं, आठवून पाहा. डॉक्टर विचारतात सासूला, सांगतेही सासूच. पाळी कधी आली, अंगावरून पांढरं जातं का, सगळं. सून नुसती तोंडाकडे पाहत बसते. शेवटी कागद पुढे येतो आणि ती सही करते.

तिच्या खुणा जाणणारा दुभाषी तिथं का नसतो? याला जुनं कारण आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळेत खुणा नकोत, ओठ वाचून बोलायलाच शिकवा, असं तिथं ठरलं. मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली १८८५ साली. पुढं आपल्याकडच्या बहुतेक शाळांनी तोंडी पद्धतच धरली. मुलं वसतिगृहात, मैदानात एकमेकांशी हातानं बोलतच राहिली. वर्गात मात्र त्या भाषेला जागा नव्हती. जी भाषा शिकवलीच नाही, तिचे दुभाषी कुठून तयार होणार?

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ साली सुरू झाली. तिथं भारतीय सांकेतिक भाषेचे वर्ग निघाले २००१ साली. तेव्हा आपला वाशिम जिल्हा होऊनही तीन वर्षं झाली होती! म्हणजे ही गोष्ट फार जुनी नाही. या भाषेचा सरकारी शब्दकोश आला २०१८ मध्ये, तीन हजार शब्दांचा.

कायदा त्याआधीच, २०१६ साली झाला. त्याचं कलम २५ म्हणतं की सरकारी असो वा खासगी, दवाखान्यात अडथळा नसावा. अडथळा म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत, संवादाचा अडथळाही त्यात येतो. मला कलम १० जास्त महत्त्वाचं वाटतं. मूल होणं बंद होईल असा कुठलाही उपचार, त्या बाईनं समजून-उमजून, स्वखुशीनं होकार दिल्याशिवाय करता येत नाही. सासूचा किंवा नवऱ्याचा होकार तिथं चालत नाही.

दुभाषी गावात नसला तरी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावता येतो. दवाखान्यात जायच्या आधीच तशी मागणी करा. बाईला वाचता येत असेल तर प्रश्न लिहून दाखवायला सांगा. सगळ्याच बायका ओठ वाचू शकत नाहीत, आणि डॉक्टरांच्या तोंडाला मास्क असला तर कुणालाच जमत नाही. घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवा.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीला तिला बोलवा. पोटात दुखतं, पाळी, नको, हे ती कसं सांगते ते तिच्याकडूनच शिकून घ्या. ‘नको’ आधी शिका.