खवलचोर : एका मत्स्यनामाचा इतिहास

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा इतिहास सामान्यतः संशोधकांचा व संग्रहालयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. दख्खनमधील लहान मार्जारमीनांची नावे तपासली असता मात्र या इतिहासाचा आणखी एक वाटेकरी आढळतो. तो म्हणजे नदीकाठचा मासेमार.

१७९४ मध्ये जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉख याने तरंगमपाडीच्या एका लहान मार्जारमीनास ‘अॅथेरिनॉइडिस’ हे नाव दिले. थव्याने फिरणारा हा पारदर्शक मासा आज काचेच्या टाक्यांतूनही पाळला जातो. त्याच्या नावात मूळ प्रदेशाच्या भाषेचा मागमूस नाही. याउलट, १८२४ नंतर मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मत्स्यवर्णनात ‘टाकरी’, ‘गुंगवारी’ अशी स्थानिक नावेच लॅटिन नामावलीत दाखल केली. तथापि या शब्दांवरून त्या माशांच्या जीवनक्रमाविषयी आजच्या अभ्यासकास फारसा बोध होत नाही.

१९५२ मध्ये डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातील एका मार्जारमीनाचे प्रथम वर्णन केले व त्याचे मराठी नाव कायम ठेवून त्यास ‘निओट्रोपियस खवलचोर’ असे संबोधले. हा मासा आता ‘पॅकिप्टेरस’ या प्रजातीत, म्हणजे ब्लॉखच्या माशाच्याच प्रजातीत गणला जातो. प्रजातीचे नाव बदलले. ‘खवलचोर’ हा शब्द मात्र टिकला. हा शब्द केवळ खूण नसून निरीक्षण आहे : हा मासा इतर माशांची खवले ओरबाडून खातो. २०१८ मध्ये त्याचे वर्तन, शरीररचना व शरीरक्रिया यांच्या एकत्रित अभ्यासाने या खवलभक्षणास सविस्तर पुष्टी मिळाली. ज्यांनी हे नाव पाडले, त्यांना ही गोष्ट आधीच ठाऊक होती.

यावरून लोकभाषेतील मत्स्यनाम हे इतिहासाचे साधन ठरते. परंतु त्याची नोंद वेळीच व्हावी लागते. आष्टीच्या पश्चिमेस वाहणारी वर्धा नदी गोदावरीच्या खोऱ्यातील. मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणाने तिच्या वाहत्या पात्राचा काही भाग जलाशयात रूपांतरित केला आहे. पात्र बदलले की मासे बदलतात, आणि मासे दिसेनासे झाले की त्यांची नावेही बोलण्यातून जातात. म्हणून तेथील लहान माशांची नावे अर्थासह लिहून ठेवणे हे प्राणिशास्त्राइतकेच इतिहासाचेही कार्य होय.