ढील देणारे चाक

कोकणात होडीतून गरवायला जाणारा माणूस तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, पाण्यात सोडण्याआधी तर्जनीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवतो. कुपा किंवा गेदर, म्हणजे इथला ट्यूना, लागला की तो सरळ पळत सुटतो, आणि सुटलेले तंगूस उघड्या बोटावरून गेले तर बोट चिरते. रबराचा तो तुकडा म्हणजे त्याचा ब्रेक. कधी आवळायचे, कधी ढील द्यायची, हे बोटालाच ठाऊक. खोल समुद्रात मोठ्या ट्यूनामागे जाणारे लोक आज जे जाडजूड रीळ काठीला बसवतात, त्याच्या पोटात याच बोटाचे काम चालते. रिळाची किंमत, धातू, चकाकी या सगळ्याच्या आधी ते ढील कशी देते हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण रिळाच्या इतिहासातच सापडते.

चाक तसे फार जुने. चिनी चित्रकार मा युआन याने 1195च्या सुमारास काढलेल्या चित्रात हिवाळ्यातल्या तळ्यावर एकटा कोळी होडीत बसला आहे आणि त्याच्या काठीला छोटे चाक आहे. इंग्लंडमध्ये टॉमस बार्करच्या 1651च्या पुस्तकात दोरा गुंडाळण्याच्या अशा चाकाचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंटकीच्या घड्याळजींनी त्यात दातेरी चक्रे घातली, तेव्हा मूठ एकदा फिरवली की दोऱ्याची फिरकी अनेकदा फिरू लागली. पण हे सगळे नदी-तळ्यातल्या माशांसाठी. तिथे अंगठा दाबला की काम भागत असे.

ब्रेकचा प्रश्न उभा राहतो तो मासा माणसापेक्षा भारी झाला की. लक्षद्वीपच्या मिनिकॉयला ट्यूनाची मासेमारी पिढ्यान् पिढ्या काठीनेच चालते, पण तिथल्या काठीला चाक नाही. जिवंत बारीक मासळी पाण्यात टाकून थवा होडीजवळ जमवायचा, काठीच्या टोकाला बांधलेल्या आखूड दोरीचा बिनकाट्याचा गळ पाण्यात टेकवायचा आणि लागलेला मासा एका झटक्यात होडीत घ्यायचा. गळाला उलटा काटा नसल्यामुळे मासा आपसूक सुटतो आणि काठी लगेच पुन्हा पाण्यात जाते. दोन-चार किलोच्या ट्यूनासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. तिथे ढील द्यायचा प्रसंगच येत नाही.

तो प्रसंग आला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर, सांता कॅटलिना बेटावर. अवलॉन या बंदरगावात लोक मोठा ब्लूफिन ट्यूना जाड हातदोरीने ओढत. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्ग-अभ्यासकाला ते पटेना. 1 जून 1898 रोजी त्याने काठी आणि रिळावर 183 पौंडांचा, म्हणजे सुमारे 83 किलोंचा, ट्यूना काढला. त्याला पावणेचार तास लागले. मासा तेवढा वेळ होडीला मैलोन् मैल ओढत होता. त्याच वर्षी होल्डरच्या पुढाकाराने अवलॉनचा ट्यूना क्लब स्थापन झाला आणि क्लबाने नियम घातला: दोरा 24 पदरांहून जाड नको.

हा नियमच पुढच्या सगळ्या यंत्राचा बाप आहे. दोरा तेव्हा तागासारख्या जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा असे. ओल्या धाग्याचा एक पदर साधारण तीन पौंड ताण सोसायचा. 24 पदर म्हणजे 72 पौंड. मासा 183 पौंडांचा, शिवाय जिवंत आणि पळणारा. ट्यूना आपल्या स्नायूंची ऊब अंगातच राखतो, म्हणून गार पाण्यातही त्याची धाव मंदावत नाही. असा मासा त्या दोऱ्याने ओढून आणणे अशक्यच होते. त्याला पळू द्यायचे, पण फुकट पळू द्यायचे नाही, एवढाच मार्ग उरला.

आणि ते काम करत होता अंगठा. त्या काळच्या रिळात मूठ थेट फिरकीशी जोडलेली असे. मासा पळाला की फिरकी उलटी फिरे आणि तिच्याबरोबर मूठही, विमानाच्या पंख्यासारखी गरगर. हात वेळेवर मागे घेतला नाही तर बोटांची पेरे फुटत. फिरकीवर कातड्याची एक पट्टी लोंबत असे. ती अंगठ्याने दाबून धरायची आणि माशाला दमवायचे. पट्टी तापे, अंगठा सोलून निघे. आमच्या गरवणाऱ्याच्या बोटावरचे रबर आणि अवलॉनच्या रिळावरचे कातडे यांत मला काहीच फरक दिसत नाही. दोन समुद्रांवर माणसाने एकच उत्तर शोधले होते.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. अवलॉनचाच नाखवा जॉर्ज फार्न्सवर्थ याने ट्यूनासाठी चक्क पतंग वापरायला सुरुवात केली. होडीच्या आवाजाला ट्यूना बुजतो. म्हणून आमिषाचा उडता मासा पतंगाच्या दोरीला अडकवून होडीपासून दूर, पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवायचा. संक्रांतीला ज्याने आसारी धरली आहे त्याला त्या होडीवरची दोन्ही कामे ओळखीची वाटतील: वर पतंगाला ढील, खाली माशाला ढील.

याच फार्न्सवर्थच्या होडीवर विल्यम बॉशेन नावाचा धिप्पाड गडी जायचा. अंगठ्याचे काम रिळाच्या आत नेता येईल, ही कल्पना त्याची. न्यूयॉर्कचे रीळ-कारागीर ज्युलियस फॉम होफ यांनी ती धातूत उतरवली. ते रीळ उघडून पाहिले की बुद्धी थक्क होते, इतके ते सोपे आहे. मुठीच्या दांड्यावर मुख्य दातेरी चक्र आहे, पण ते दांड्याला पक्के जोडलेले नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना चकत्यांची चळत आहे: एक धातूची, एक चामड्याची. बाहेर, मुठीच्या खाली, चांदणीच्या आकाराची चाकी आहे. ती आवळली की चकत्या चक्राला चिमटीत धरतात. एक खिट्टी मुठीला उलटे फिरू देत नाही. माशाची ओढ चकत्यांच्या घर्षणापेक्षा वाढली की चक्र चकत्यांमधून घसरते, फिरकी दोरा सोडते आणि मूठ जागच्या जागी स्थिर राहते. 1913 मध्ये बॉशेनने अशाच रिळावर 355 पौंडांचा तलवार मासा काढला. काठी आणि रिळावर निघालेला तो पहिला तलवार मासा.

पुढचा प्रवास भराभर झाला. 1932 मध्ये फिलाडेल्फियात ऑटो हेन्झे याने पेन कंपनी काढली आणि तिच्या ‘सिनेटर’ रिळाने चांदणीचा ब्रेक सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. मग चांदणीच्या जागी तरफ आली. तरफेच्या रिळात एक मोठी तबकडी सरळ फिरकीलाच दाबते आणि तरफ ढकलून माशाशी झुंजतानाही ताण मोजून कमी-जास्त करता येतो. चामड्याच्या चकत्या गेल्या, कार्बन तंतूच्या आल्या. त्या तापल्या तरी एकसारख्या घसरतात.

दोराही बदलला. लिननचा दोरा प्रत्येक खेपेनंतर उलगडून वाळवावा लागे, नाहीतर कुजे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले आणि ते काम संपले. नायलॉन ताणले जाते, त्यामुळे ब्रेक थोडा अडखळला तरी दोरा सांभाळून घेतो. अलीकडचा विणलेला पॉलिएथिलीनचा दोरा तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असतो, म्हणून लहान रिळावरही शेकडो मीटर मावतो. पण तो जवळपास ताणलाच जात नाही. ब्रेक अडखळला की सगळा हिसका गाठीवर आणि गळावर. म्हणून जाणते लोक त्याच्या पुढे काही मीटर नायलॉन आणि शेवटी पाण्यात सहज न दिसणारा फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडतात. नवा दोरा घेतला आणि रीळ जुनेच ठेवले, तर मासा जातो तो इथेच.

आता ब्रेक किती आवळायचा? रूढ हिशेब असा की दोऱ्याच्या ताकदीच्या एक तृतीयांश. 50 पौंडांचा दोरा असेल तर 16-17 पौंड. उरलेला भाग वाया गेल्यासारखा वाटतो, पण तो लागतोच. मासा दोरा ओढून नेतो तशी फिरकीवरची गुंडाळी लहान होते. ती व्यासाने निम्मी झाली की चांदणीला हात न लावताही दोऱ्यावरचा ताण दुप्पट होतो. शिवाय पाण्यातल्या दोऱ्याला झोळ पडतो आणि मासा तो झोळही ओढत असतो. म्हणून मासा लांब गेला की घाबरून ब्रेक आवळणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तेव्हा थोडा सैल करावा लागतो. हे हाताला पटत नाही, पण गणित तेच सांगते.

केन फ्रेझरने 1979 मध्ये नोव्हा स्कॉशियात काढलेल्या 679 किलोंच्या ब्लूफिनचा विक्रम अजून मोडलेला नाही. त्यालाही याच गणिताने जावे लागले.

तेव्हा ब्रेक अंदाजाने, समुद्रावर, मासा लागल्यावर लावू नका. किनाऱ्यावर काठी उभी धरून दोऱ्याच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा लावा, कुणाला तरी ओढायला सांगा आणि फिरकी सुटते तो आकडा पाहून ठेवा. आणि घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुऊन वाळवा, मग चांदणी पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेल्या अवस्थेत महिनोन् महिने राहिल्या की चकत्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या खेपेला पहिल्याच ओढीला दोरा तुटतो.